मुलाखतीची वेळ सकाळी ११ ते ४ कशासाठी?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या अंकातील छोट्या जाहिरातींविषयी हे पत्र आहे. ‘अकाउंटंट पाहिजे. टॅली, जीएसटी, टीडीएसचा अनुभव आवश्यक. बायोडेटासह समक्ष भेटा. सोम. ते शनि., स. ११ ते ४.’ या धर्तीच्या जाहिराती दर रविवारी असतात आणि सध्या मी त्या हातात पेन घेऊन वाचते. मला एवढेच विचारायचे आहे, की ज्याच्याकडे हा अनुभव आहे तो माणूस सोमवार ते शनिवार, सकाळी अकरा ते चार कुठे असतो? तो कुणाच्या तरी कचेरीत हिशेब लिहीत बसलेला असतो. कंपन्यांना तोच हवा असतो. नोकरीत खंड पडलेल्यांना फोनवरच ‘कळवतो’ म्हणून ठेवून देतात, हे माझ्या नणंदेने चांगले अनुभवले आहे. म्हणजे माणूस नोकरीत असलेलाच हवा आणि त्याने यायचे मात्र नोकरीच्या वेळात. मग तो जिथे आहे तिथे काहीतरी खोटे सांगूनच निघणार. हे खोटे त्याला कोण बोलायला लावते, याचा विचार जाहिरात देणाऱ्यांनी करावा, म्हणून लिहिते आहे.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेखा विभागात आहे. गाड्यांचे ॲल्युमिनियमचे सुटे भाग आमच्याकडे तयार होतात. मालक सरळ आहेत, पगार वेळेवर होतो, माझी कुणाबद्दल तक्रार नाही. पण कारखाना रांजणगावला हलणार आहे. जागा घेऊन झाली, शेड उभी राहते आहे. मी चिंचवडला राहते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, मुलगी दहावीला आहे. रांजणगावला रोज जा-ये करायची म्हणजे चाकण-शिक्रापूर रस्ता आला आणि संध्याकाळी सहानंतर तो रस्ता ज्याने पाहिला आहे त्याला पुढचे सांगायला नको. म्हणून दुसरी नोकरी शोधते आहे आणि ते कंपनीत सांगितलेले नाही.

‘सरळ सांगून टाक ना, चोरी थोडीच करतेस,’ असे आमच्या दिरांचे म्हणणे. ते बँकेत आहेत, त्यांना बदली माहीत आहे, ही शोधाशोध माहीत नाही. शेजारच्याच गल्लीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागातल्या एका ज्येष्ठ माणसाने असे सरळ सांगितले होते. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या शेजारी एक नवा मुलगा बसवला, काम शिकून घ्यायला. पार्ट्यांशी बोलणे त्याच्याकडून काढून घेतले. एप्रिलची पगारवाढ त्याला मिळाली नाही, ‘तुम्ही तर चाललात’ म्हणून. आणि त्याला अजून दुसरीकडे कुठेच होकार आलेला नव्हता. घराचे हप्ते चालू असलेला माणूस हे पाहतो आणि गप्प राहायला शिकतो. त्या गप्प राहण्याला कुणी बेइमानी म्हटले तर मला ते सहन होत नाही. मी माझे काम चोख करते, कंपनीचा एक कागद बाहेर नेत नाही, कंपनीच्या संगणकावरून बायोडेटा पाठवत नाही, मुलाखतीला आमच्या गिऱ्हाइकांची नावे आणि दर विचारले तर सांगत नाही. आणि हे विचारतात, बरं का. बाणेरच्या एका कचेरीत मला आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून पैसे किती दिवसांनी येतात हे विचारले गेले. मी म्हटले, ‘सर, हे मी इथे सांगितले तर उद्या तुमचे दुसरीकडे सांगेन.’ ते पुढे काही बोलले नाहीत. तिथून पुन्हा फोन आला नाही, त्याचे मला वाईट वाटत नाही.

हिशेबाच्या माणसाचा महिना कसा जातो ते जरा सांगते. ७ तारखेपर्यंत टीडीएस, म्हणजे पगारातून आणि बिलांतून कापून घेतलेला आयकर, भरायचा. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे जीएसटी विवरणपत्र. १५ ला पीएफ आणि ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी. २० ला जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचा जीएसटी भरण्याचे विवरणपत्र. महिनाअखेर स्टॉक, पगारपत्रक आणि प्रोफेशन टॅक्स. सप्टेंबर टॅक्स ऑडिटमध्ये जातो आणि मार्चचे तर विचारूच नका. अकाउंटंट शोधणाऱ्या कंपनीला या तारखा पाठ असतात, कारण तिच्याही घरात हेच चाललेले असते. तरीसुद्धा मला एका ठिकाणाहून बरोबर २० तारखेला, सकाळी साडेअकराची वेळ आली. मी २१ तारीख मागितली. माणसे मिळवून देणाऱ्या कन्सल्टंटकडची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, इंटरेस्ट नसेल तर तसं सांगा.’ ३बी टाकून जी बाई २० तारखेला मुलाखतीला पळेल, तिला तुम्ही तुमच्या ३बीवर बसवणार का, हे मला त्या साहेबांना विचारायचे होते. साहेबांपर्यंत गोष्ट पोचलीच नाही. मधल्या मुलीला यादीतली नावे त्या दिवशी समोर उभी करायची होती, तिचाही दोष नाही.

यातली सगळ्यात खेदाची गोष्ट अशी, की आमच्या पट्ट्यात हा प्रश्न बराचसा आपोआप सुटू शकतो. भोसरी-पिंपरी-चाकण भागात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शहरातल्या कचेऱ्यांची शनिवार-रविवारी किंवा नुसती रविवारी. म्हणजे आम्ही कारखान्यातले लोक गुरुवारी मोकळे आणि त्या दिवशी बाणेर, खराडी, शिवाजीनगरच्या कचेऱ्या उघड्या. उलट त्या कचेऱ्यांमधले लोक रविवारी मोकळे आणि त्या दिवशी आमचा कारखाना चालू. मेट्रो शिवाजीनगरपर्यंत सुरू झाल्यापासून नाशिक फाट्याहून शिवाजीनगरला जाणे माझ्यासारखीला अगदी सोपे झाले आहे. कुणालाही रजा टाकायला नको, कारण सांगायला नको, घाम पुसत धावायला नको. फक्त बोलावणाऱ्याने एक प्रश्न विचारायला हवा: ‘तुमची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी?’ मला हा प्रश्न आजवर एकाही कन्सल्टंटने विचारलेला नाही. मी स्वतःहून ‘गुरुवारी चालेल का’ म्हटले की ‘साहेबांना मंगळवारच सोयीचा आहे’ असे उत्तर येते. साहेबांना अर्धा तास इकडेतिकडे करायचा आहे, माणसाला एक दिवस गमवायचा आहे आणि सोय मात्र साहेबांची पाहायची.

एक दिवस म्हणजे काय, तेही सांगते. आपल्याकडे २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम ज्या कचेऱ्यांना लागू आहे, तिथे वर्षाला आठ पगारी नैमित्तिक रजा देण्याची तरतूद आहे. त्या तिमाहीला थोड्या थोड्या जमा होतात आणि वर्ष संपले की बुडतात. या आठ दिवसांत पोराचे आजारपण, गावाकडचे लग्न, मयत, तलाठ्याकडचे काम, गॅस एजन्सी, सगळे बसवायचे. आणि नोकरीची मुलाखत आता एका बैठकीत होत नाही. पहिली फेरी कन्सल्टंटकडे, दुसरी फायनान्स मॅनेजरकडे, तिसरी मालकांकडे. ‘अर्ध्या तासाचे काम आहे’ म्हणून बोलावतात, आपण अर्धी रजा टाकून जातो, साहेब मीटिंगमध्ये असतात, अडीच वाजतात आणि अर्ध्या रजेची पूर्ण होते. एका कंपनीच्या तीन फेऱ्यांत रजा संपत आल्या आणि शेवटी ‘सध्या पद भरायचे थांबवले आहे’ असे कळले, तर तो माणूस पुढच्या महिन्यात आजारी आईला दवाखान्यात न्यायला बिनपगारी जातो.

कामगारांची अवस्था आमच्याहून कठीण. आमच्या मशीन शॉपमधल्या मुलांना गणवेश आहे, छातीवर कंपनीचे नाव आहे. पहिली पाळी साडेतीनला सुटली की ती मुले पाठपिशवीत घडी घालून आणलेला शर्ट पेट्रोल पंपावरच्या स्वच्छतागृहात बदलतात आणि मग तळवड्याला किंवा चाकणला मुलाखतीला जातात. आठ तास मशीनवर उभे राहून, हाताचे ऑइल धुऊन, तिथे पुन्हा उभे राहतात. समोरचा माणूस म्हणतो, ‘एनर्जी कमी वाटते.’ हे मला त्यातल्याच एकाने सांगितले तेव्हा मला रात्री झोप लागली नाही.

फाटकावरच्या वहीबद्दलही लिहायलाच हवे. कोणत्याही कारखान्यात शिरताना सुरक्षा रक्षक वही पुढे करतो: नाव, कुठून आलात, कुणाला भेटायचे, काम काय, मोबाइल नंबर. भोसरी-चाकणमध्ये एकच वाहतूकदार, एकच पुरवठादार, एकच सीए दहा कंपन्यांत फिरत असतो. ‘कुठून आलात’ या रकान्यात मी कंपनीचे नाव लिहिले तर माझ्यानंतर सही करणारा टेम्पोवाला ते वाचणार आणि संध्याकाळी आमच्या स्टोअरमध्ये सहज म्हणून सांगणार. त्याच्या मनात वाईट काही नसते. मी त्या रकान्यात ‘चिंचवड’ लिहिते. माझ्या राहण्याचे गाव ते, खोटे काही नाही. रक्षक एकदा म्हणाला, ‘ताई, कंपनी लिहा.’ मी त्याला शांतपणे सांगितले, की मुलाखतीला आले आहे. त्याने मान हलवली आणि वही मिटून घेतली. त्या एका माणसाला जे कळले ते आतल्या एचआर विभागाला कळायला काय हरकत आहे? मुलाखतीला येणाऱ्यांसाठी वेगळी चिठ्ठी ठेवली तर खर्च तो किती?

मग आतला प्रश्न. मला एकापेक्षा अधिक ठिकाणी विचारले गेले आहे, ‘आज सुट्टी काय सांगून काढलीत?’ विचारणारा हसतो, जणू सहज गप्पा. पण ‘आईला बरे नाही असे सांगितले’ म्हणावे तर खोटारडी ठरते. ‘मुलाखतीला जाते असे सांगितले’ म्हणावे तर कुणी विश्वास ठेवत नाही. मी रजेच्या अर्जावर ‘वैयक्तिक काम’ एवढेच लिहिते आणि तेच सांगते. घरच्या माणसाचे आजारपण खोटे सांगायचे नाही, हे मी स्वतःशी ठरवलेले आहे. सासूबाई खरोखर आजारी असताना तर मुळीच नाही. पण ‘वैयक्तिक काम’ लिहिले की आमच्या विभागप्रमुखांचे समाधान होत नाही. बाईमाणसाला ते जास्त खोदून विचारले जाते. ‘वैयक्तिक म्हणजे काय, घरी सगळं ठीक ना?’ काळजीच्या सुरात विचारतात, म्हणून तोडूनही बोलता येत नाही. नैमित्तिक रजेच्या अर्जावरचा ‘कारण’ हा रकाना काढून टाकला तर कितीतरी घरांतली कितीतरी माणसे उगाच आजारी पडायची थांबतील.

आता संदर्भांविषयी. छापील अर्जात ‘सध्याच्या कंपनीतील दोन वरिष्ठांची नावे व फोन’ मागतात. मी तिथे ‘नियुक्तीपत्रानंतर देईन’ असे लिहिते. आमच्या स्टोअरमधल्या एका मुलाने विश्वासाने नावे दिली होती. पत्र हातात येण्याआधीच तिथून थेट फोन आला. इथे त्याचे हसे झाले आणि तिथली जागा दुसऱ्याला मिळाली. फोन करणाऱ्याने दोन मिनिटांत एका कुटुंबाचे जे केले, त्याची त्याला कल्पनाही नसेल. जो माणूस सध्या नोकरीत आहे त्याच्या आजच्या कंपनीत, त्याने लेखी होकार दिल्याशिवाय, चौकशी करायची नाही, हा नियम प्रत्येक कंपनीने आपल्या अर्जावरच छापावा. आधीच्या नोकऱ्यांची चौकशी खुशाल करा. पगाराच्या पावत्या घ्या. पीएफचे पासबुक पाहा, त्यात महिन्यावारी सगळे दिसते.

मालकवर्गाचे म्हणणे मला ठाऊक आहे. ‘आमचे खाऊन दुसऱ्याच्या दारात जातात.’ २०२२ मध्ये विप्रोने एकाच वेळी दुसऱ्या कंपनीचेही काम करणारे ३०० कर्मचारी काढल्याचे जाहीर केले, तेव्हापासून हे जास्त ऐकू येते. पण दोन ठिकाणचे काम एकदम करणे वेगळे आणि दुसऱ्या कामाची चौकशी करणे वेगळे. बी.कॉम.ला आमच्या सरांनी १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २७ वे कलम पक्के करून घेतले होते: कुणाला कायदेशीर व्यवसाय किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. त्याच्या जोडीला कल्याणचा एक खटला शिकवला होता. सेंच्युरी स्पिनिंगच्या टायर-कॉर्ड कारखान्यातले शिफ्ट सुपरवायझर निरंजन शंकर गोलिकरी पाच वर्षांचा करार संपण्याआधी कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मालक मंडळी अशा निकालांकडे बोट दाखवतात. पण वाद होता मुदतीच्या आत दुसरीकडे कामाला लागण्याचा, चौकशी करण्याचा नव्हे. २०२५ च्या मे महिन्यात विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर बाँडप्रमाणे भरायचे २ लाख रुपये वैध ठरवले, तेव्हासुद्धा राजीनामा देऊन दुसऱ्या बँकेत जाण्यावर बंदी आली नाही. मी नोटिशीचा पूर्ण महिना देणार आहे, माझ्या जागी येणाऱ्याला सगळी खाती समजावून देणार आहे. यापलीकडे मी कंपनीचे काय देणे लागते?

आणि त्या नोटिशीचेही नव्या कंपनीला काही नसते. जाहिरातीत ‘ताबडतोब रुजू होणाऱ्यास प्राधान्य’ असते. आजच्या नोकरीत असलेल्या माणसाने ताबडतोब रुजू व्हायचे म्हणजे जुन्या मालकाला तोंडघशी पाडून यायचे. उद्या तुमच्याकडून असाच कुणी निघाला की तुम्हीच त्याचे रिलीव्हिंग लेटर अडवून धरता.

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. सरकारी नोकरीत असताना दुसऱ्या सरकारी पदासाठी अर्ज करायचा तर तो कचेरीमार्फत, ‘योग्य मार्गाने’ जातो. मुलाखतीला ना-हरकत प्रमाणपत्र लागते. यात कचेरीचे प्रमुख कधी कधी कागद दाबून ठेवतात, वडिलांच्या तोंडून तशा कथा मी ऐकल्या आहेत. तरी त्या पद्धतीत एक गोष्ट गृहीत आहे, की माणूस पुढे जायची धडपड करणारच आणि ते त्याच्या वरिष्ठाला माहीत असले तरी आभाळ कोसळत नाही. वडील परीक्षेला जायचे तेव्हा त्यांचे सहकारी त्यांना शुभेच्छा द्यायचे. खाजगी क्षेत्रात ते लगेच येईल असे मी म्हणत नाही. पण तोवर निदान बोलावणाऱ्यांनी तरी आमची लाज राखावी.

हे जमते, याचा अनुभवही मला आला आहे. तळवड्याच्या एका लहानशा कंपनीच्या फायनान्स मॅनेजरांनी मला फोन करून विचारले, घरचे आवरून किती वाजता मोकळ्या होता? संध्याकाळी साडेसातला मोबाइलवर, समोरासमोर दिसत, पाऊण तास बोलणे झाले. जीएसटीच्या क्रेडिटचा ताळा कसा लावता, गिऱ्हाइकाने माल परत केला तर नोंद कशी करता, असे नेमके कामाचे विचारले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा निरोप आला, की त्यांना एक्स्पोर्टचा अनुभव असलेला माणूस हवा आहे. नकारच होता, पण माझी रजा गेली नाही, कुणाशी खोटे बोलावे लागले नाही आणि लोंबकळतही राहिले नाही. लॉकडाउनच्या काळात सगळ्यांनीच अशा मुलाखती घेतल्या होत्या. पहिली फेरी अशी आणि शेवटची तेवढी प्रत्यक्ष, असे ठरवले तर बिघडते काय?

माझ्यासारखे शोधात असलेले वाचक असतील, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. नोकरीच्या संकेतस्थळांवर आपली माहिती आजच्या कंपनीला दिसू नये अशी सोय असते, ‘नौकरी’ या संकेतस्थळावर कंपनीचे नाव देऊन तिला आपली माहिती दिसणे बंद करता येते. लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ची हिरवी पट्टी फोटोला न लावता फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असे ठेवता येते, मात्र पूर्ण गुप्ततेची हमी लिंक्डइन स्वतःच देत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नये.

आणि आता आपल्याकडे मागणे. आपल्या छोट्या जाहिरातींत ‘नामांकित कंपनीत पाहिजेत’ एवढेच लिहून खाली मोबाइल नंबर असतो. कंपनीने नाव लपवायचे आणि माणसाने आपले नाव, पत्ता, आजचा पगार सगळे पाठवायचे. ती आपलीच कंपनी निघाली तर? आमच्या ओळखीत एकाचे तसे झाले आहे, बायोडेटा त्याच्याच एचआरच्या हाती पडला. नाव द्यायचे नसेल तर निदान परिसर आणि कोणता उद्योग एवढे देणे आपण जाहिरातदारांना सक्तीचे करावे. जाहिरात घेताना आपल्या खिडकीवरच्या माणसाने एक ओळ सुचवावी: ‘नोकरीत असलेल्यांनी साप्ताहिक सुट्टीचा वार कळवावा, त्यानुसार वेळ दिली जाईल.’ या ओळीचे पैसे आपण घेऊ नयेत, अशीही विनंती आहे. आपल्या जाहिरातींवर पुणे-पिंपरीतली हजारो घरे नजर ठेवून असतात. आपण सुरू केलेत तर बाकीची दैनिकेही करतील.

माझे नाव, पत्ता आणि फोन आपल्या माहितीसाठी सोबतच्या स्वतंत्र कागदावर दिला आहे. कृपया तो छापू नये आणि भोसरीतल्या कुणी विचारणा केली तर कळवू नये.

आपली नम्र,
लेखा विभागातील एक कर्मचारी, चिंचवड